शहाद्याचा स्त्रियांचा दारूविरोधी लढा

खानदेशातील शहादा तालुक्यात १९७२-७३ च्या सुमारास आदिवासी शेतमजूर स्त्रियांनी दारूचे अड्डे मोडण्यासाठी केलेले सामूहिक आंदोलन. तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात आहे. दारूबंदीच्या चळवळींत याची गणना होते, पण बायकांच्या तक्रारीत दारू हे निमित्त होते. मजुरी शेवटी कुणाच्या हातात पडते, नवऱ्याला हात उगारण्याची मुभा कुणी दिली आणि चावडीवर बाईने बोलायचे की नाही, हे सगळे त्याच मडक्यात आंबत होते.

तापी आणि सातपुडा यांच्यामधला हा पट्टा काळ्याभोर जमिनीचा. कापूस, ऊस, केळी, मिरची इथे जोमाने येते. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा आणि घोडेबाजाराचे सारंगखेडा ही नावे बाहेरच्यांना माहीत असतात. त्याच रस्त्यांलगतच्या भिल्ल वस्त्या सहसा माहीत नसतात. या वस्त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांची जमीन दोन-तीन पिढ्यांत गहाणवट, उधारी आणि अंगठ्याच्या कागदांमार्फत गुजर व इतर सधन शेतकऱ्यांकडे गेली. जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. साल ठरताना घेतलेली उचल वर्षअखेरीस फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारात. बायको निंदणी-कापणीला रोजाने जायची आणि तिचा रोज पुरुषाहून कमी असायचा.

दारू या समाजात उपरी नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की बायका-पोरी पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले वाळवून, आंबवून काढलेली दारू देवाला धारेने वाहतात. लग्नात, होळीत, मयतीत ती लागतेच. म्हणून ‘आदिवासी पितात’ हे वाक्य फारसे काही सांगत नाही. दारू कोण गाळतो आणि कुणाला विकतो हे पाहावे लागते. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूवर कर आणि मक्ता बसवला. घरची वस्तू दुकानची झाली आणि कलालाच्या, म्हणजे दारू विकणाऱ्याच्या, वहीत उधारीचे खाते उघडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, दुकान बंद झाले आणि हातभट्टी सुरू झाली. मोहाच्या जागी गूळ आणि नवसागर आला. शनिवारी मजुरी मिळाली की ती घरी पोचण्याआधी भट्टीवर थांबायची.

दारू सोडण्याची हाकही याच मातीतली आहे. १९३७-३८ मध्ये तळोदे भागात गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू-मांस सोडा, रोज आंघोळ करा, आरतीला या, असे सांगितले. एकमेकांना ‘आप’ म्हणून संबोधायचे, हा त्यांचा आग्रह. ज्यांना आयुष्यभर ‘अरे’ ऐकावे लागले त्यांनी आपसात ‘आप’ म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. महाराज गेल्यावर बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. त्या चळवळीत दारू सोडणे हे शुद्धीचे आणि भक्तीचे अंग होते. पस्तीस वर्षांनी शेजारच्या शहाद्यात बायकांनी तीच दारू हिशेबाच्या आणि माराच्या भाषेत मांडली. या लढ्याचे वेगळेपण तिथे आहे.

पार्श्वभूमी जमिनीच्या आंदोलनाची. भिल्ल समाजातले सर्वोदयी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी गावोगाव भजनांतून आणि सभांतून लोक जमवायला सुरुवात केली होती. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. पीक संरक्षणाच्या नावाखाली सधन शेतकऱ्यांनी पाळलेल्या राखणदारांची दहशत हाही त्या काळचा मोठा विषय होता. शेतातून जाणारी बाई मूठभर शेंगा खुडल्याच्या संशयावरून अडवली जाई, आणि पुढे काय व्हायचे ते राखणदाराच्या मर्जीवर असे. ३० जानेवारी १९७२ रोजी भूमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी पुण्या-मुंबईकडून आलेले डावे तरुण आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून श्रमिक संघटना उभी केली. इंजिनिअरची नोकरी सोडून आलेले कुमार शिराळकर त्यांतलेच. पुढे कवी म्हणून नाव झालेले वाहरू सोनवणे याच चळवळीत घडले.

मोर्चांना बायका पहिल्यापासून येत, घोषणा देत, पुढे राहत. बैठकीत मात्र मागे बसत. स्त्रियांची वेगळी शिबिरे भरू लागली तेव्हा कार्यकर्त्यांनी ठरवलेले विषय जमीन आणि मजुरीचे होते. बायकांनी काढला तो दारूचा आणि मारहाणीचा. संघटनेतला बाप्या मोर्चात मालकाशी भांडतो आणि रात्री पिऊन घरी आम्हांला बडवतो, हा त्यांचा सवाल कार्यकर्त्यांनाही अडचणीचाच होता. चर्चा ठरावापर्यंत थांबली नाही. बायका उठल्या, गावातल्या भट्टीवर चालून गेल्या आणि मडकी फोडली. मग एका गावच्या बायका दुसऱ्या गावच्या बायकांना बोलावू लागल्या. हे बोलावणे शहाणपणाचे होते: आपल्याच गावात दीर-सासऱ्यासमोर मडके फोडणे अवघड, शेजारगावचा जथा सोबत असला की हात मोकळा होतो. १९७३ मध्ये ही लाट तालुक्यातल्या अनेक गावांत फिरली.

त्याच साली सरकारने ‘महाराष्ट्र देशी दारू नियम, १९७३’ काढले आणि परवान्याची देशी दारू राजरोस विकण्याची वाट मोकळी झाली. बायका बेकायदा भट्टी फोडत होत्या आणि सरकार कायदेशीर दुकान मांडत होते. हा योगायोग असेल, पण शहाद्यापुरता तो बोचरा आहे. हातभट्टीविरुद्ध निदान कायदा तरी बाजूने होता. परवान्याच्या दुकानावर दगड मारला तर गुन्हेगार बाईच.

भट्टीनंतर पाळी नवऱ्यांची आली. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत उभे करायचे, माफी मागायला लावायची, न ऐकल्यास चोप द्यायचा, असे प्रकार झाले. नागरी स्वातंत्र्याच्या काटेकोर दृष्टीने जमावाने दिलेली शिक्षा समर्थनीय नाही. मात्र घरातली मारहाण हा गुन्हा आहे असे पोलीस ठाण्यालाही वाटत नव्हते, तो हा काळ. नवऱ्याच्या क्रौर्याला शिक्षा सांगणारे भारतीय दंडसंहितेचे ४९८-अ कलम यायला १९८३ उजाडले. मध्यमवर्गीय वाचकांचा आणखी एक समज इथे बाजूला ठेवावा लागतो. भिल्ल-पावरा आदिवासींत हुंडा नाही, देज आहे, म्हणजे मुलाकडचे मुलीच्या बापाला रक्कम देतात. बाई नवरा सोडून दुसरे घर करू शकते, पण आधीचे देज फेडून. तिच्या कष्टाला किंमत आहे हे यात कबूल होते. ती किंमत ठरवतात आणि घेतात मात्र पुरुषच. ‘तुझे देज मोजले आहे’ हे मारणाऱ्याचे ठरलेले समर्थन असे.

दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीच्या कामांनी बायकांच्या हाती थोडी स्वतंत्र मजुरी आली, कारण तिथे दाम कामाच्या मापावर होता. या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रियांच्या या चळवळीतून श्रमिक स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली. दारू, मारहाण, टाकलेल्या बायका यांच्याबरोबर डाकीण ठरवून बायकांचा छळ करण्याची प्रथाही या भागातल्या स्त्री-कार्यकर्त्यांपुढे होती. डाकीण ठरणारी बाई अनेकदा विधवा आणि तिच्या नावावर किंवा ताब्यात जमिनीचा तुकडा, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

मडके फोडण्याचे काम पुढे मतपेटीकडे आले. राज्यात परवान्याचे दारू दुकान बंद करण्यासाठी ‘उभी बाटली-आडवी बाटली’ असे मतदान घेता येते; उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणजे मजुरीला किंवा ऊसतोडीला गेलेल्या बाईचे न पडलेले मत आपोआप दुकानाच्या पारड्यात जाते. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा ती नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. ग्रामसभा भरते तिथे बायका पुढच्या रांगेत बसल्या आहेत की ओट्याखाली, यावर तो अधिकार किती चालतो ते ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांना मिळणाऱ्या वनजमिनीच्या पट्ट्यावर नवरा आणि बायको दोघांचीही नावे लागतात.