आरती एकट्याने का रंगत नाही?

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या रात्री आमच्या वाड्यावरच्या आरत्या एका घरात आटोपत नाहीत. घुमटं आणि शामेळ ही चामडं ताणलेली वाद्यं आणि कांसाळं, म्हणजे झांजा, घेऊन मंडळी घरोघर फिरते. शेवटच्या घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते, गळे बसलेले असतात, तरी दमलो म्हणून कोणी घरी पळत नाही. पर्वरीला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने एका वर्षी मोबाइलवर आरती लावून चवथ केली. शब्द तेच, गणपतीही तोच. ‘पाच मिनिटांत संपलं रे,’ तो मला म्हणाला.

त्या पाच मिनिटांत काय उणं होतं, याचा थोडासा उलगडा प्रयोगांतून होतो. ऑक्सफर्डमधल्या नौकास्पर्धकांना सारखाच व्यायाम एकदा एकेकट्याने आणि एकदा संघाने करायला लावला. त्यानंतर रक्तदाबाचा पट्टा दंडावर फुगवत नेऊन, दुखायला लागलं की सांगा, असं सांगितलं. एकत्र वल्हवल्यानंतर त्यांना बरंच जास्त सोसलं. व्यायाम तेवढाच होता, बदलली ती फक्त सोबत. अंगातलं एंडॉर्फिन हे वेदना दाबणारं आणि मन हलकं करणारं रसायन यामागे असावं, असं संशोधक मानतात. 2015 मध्ये नव्याने भरलेल्या प्रौढांच्या वर्गांवर असाच अभ्यास झाला. गाणाऱ्यांची गट्टी हस्तकला आणि लेखन शिकणाऱ्यांपेक्षा लवकर जमली. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आले होते. म्हणजे गाण्यात जादू नाही. ते ओळख लवकर करून देतं, एवढंच.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या खेड्यातला अभ्यास. तिथे जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री लोक निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे बांधले. चालणाऱ्याच्या ठोक्यांची चढउतार, नुसतं उभं राहून पाहणाऱ्या त्याच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या ठोक्यांशी जुळली. परगावच्या बघ्यांशी नाही जुळली! निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले तेव्हा मला आपली शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आठवली. तिथले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. पण त्याआधी व्रताचे दिवस ते एकत्र काढतात, एकत्र रांधतात आणि एकत्रच जेवतात. निखाऱ्यांपाशी येईपर्यंत ते एकमेकांना परके उरलेले नसतात.

तरी देवळात नुसतं जाऊन भागत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (2010) दर आठवड्याला प्रार्थनेला जाणाऱ्यांपैकी, तिथे तीन ते पाच जिवलग असलेल्यांतले 33 टक्के लोक आयुष्याबद्दल ‘अत्यंत समाधानी’ होते. तितक्याच नेमाने जाणाऱ्या, पण तिथे एकही मित्र नसलेल्यांत हे प्रमाण 19 टक्के होतं, म्हणजे कधीच न जाणाऱ्यांइतकंच. घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेचा समाधानाशी फारसा संबंध दिसला नाही. ही पाहणी ख्रिस्ती बहुसंख्य देशातली, ती जशीच्या तशी आपल्याला लावता येणार नाही. पण वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, तेव्हा एक फळी गात असताना दुसरी दारात टाळ घेऊन तयार असते. तुमची पाळी आली आणि तुम्ही दिसला नाहीत, तर ‘तो कुठे गेला?’ असं विचारणारं कोणीतरी तिथे असतं. मला वाटतं, हे विचारणंच औषधासारखं लागू पडत असावं.

एकांताचं महत्त्व कोण नाकारेल? तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटेच बसत. पण कीर्तनाला मात्र खाली, लोकांतच उभे राहत. आणि समाज म्हटला की त्यात बाहेर ठेवलं जाणंही आलंच. ज्याला वाड्यावर कधी कोणी बोलावलंच नाही, त्याच्याशी कुठल्या ठोक्यांनी जुळावं?

चुलतभावाने यंदा इमारतीतल्या चार दारांच्या घंट्या वाजवल्या. दोघांकडे घुमट निघालं, एका आजीला सगळ्या आरत्या तोंडपाठ होत्या. शामेळ वाजवणारा मात्र अजून शोधतोय.