सहापैकी पाच जुळले, तरी त्रिकोण एकरूप नाहीत

एका कागदावर ८, १२ आणि १८ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढा. दुसऱ्यावर १२, १८ आणि २७ सेंटिमीटरचा. कोनमापक लावलात तर दोन्हींत तेच तीन कोन मिळतील: सुमारे १२७, ३२ आणि २१ अंश. कारण दुसऱ्याची प्रत्येक बाजू पहिल्याच्या दीडपट आहे. शिवाय १२ आणि १८ या बाजू दोघांतही आहेत. तीन कोन आणि दोन बाजू, म्हणजे सहापैकी पाच घटक समान! तरीही दुसरा त्रिकोण सरळसरळ मोठा दिसतो; म्हणजे दोन्ही एकरूप, एकावर एक तंतोतंत बसणारे, नाहीत.

चूक शोधायची तर बाजूंच्या समोर बघा. १८ ची बाजू पहिल्या त्रिकोणात १२७ अंशांसमोर आहे, दुसऱ्यात ३२ अंशांसमोर. १२ ची बाजू पहिल्यात ३२ अंशांसमोर, दुसऱ्यात २१ अंशांसमोर. मापं जुळली, संगती जुळली नाही.

संगत कोन ओळखताना मुलं बहुतेक वेळा इथेच अडतात. आकृतीत एक त्रिकोण फिरवलेला किंवा उलटवलेला असतो आणि ती डावीकडच्या कोनाची जोडी डावीकडच्याशीच लावतात. खरं तर आधी समान बाजू शोधाव्यात. त्यांच्यासमोरचे कोन ते संगत कोन. त्रिकोण कखग आणि तथद एकरूप आहेत असं लिहिलं, की अक्षरांच्या क्रमातच उत्तर असतं: क-त, ख-थ, ग-द. शिरोबिंदूंच्या जोड्या एकूण ६ प्रकारे लावता येतात. तिन्ही बाजू वेगवेगळ्या असतील तर त्यांतला एकच प्रकार बरोबर ठरतो. समद्विभुज त्रिकोणात मात्र दोन चालतात.

या दुसऱ्या प्रकाराचं सोनं केलं अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने, चौथ्या शतकात. समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे शाळेत बहुधा कोनदुभाजक काढून सिद्ध करतात. पॅपसने एकही रेघ वाढवली नाही. मला ही सिद्धता फार देखणी वाटते. कख आणि कग समान असलेला एकच त्रिकोण त्याने दोनदा वाचला: एकदा कखग, एकदा कगख. कख ही बाजू कग एवढी, कग ही कख एवढी, मधला कोन क तोच. बाकोबा (बाजू-कोन-बाजू: दोन बाजू आणि मधला कोन समान) कसोटीने त्रिकोण स्वतःशीच एकरूप झाला, पण उलट्या क्रमाने. या क्रमात ख चा संगत कोन ग आहे, म्हणून ते दोन्ही समान.