मॅनिफेस्टेशन आलं कुठून? एका घड्याळजीपासून 369 पर्यंत

सध्या रील्स उघडली की कोणीतरी 369 मेथड सांगत असतं, इच्छा सकाळी 3 वेळा लिहा, दुपारी 6 वेळा, रात्री 9 वेळा, आणि ऐकणारा लगेच म्हणतो की हे तर आपल्या ऋषीमुनींनी कधीच सांगून ठेवलंय. मला हे पटत नाही. विचार करून घर, नोकरी, पैसा खेचून आणायच्या या कल्पनेचा, म्हणजे मॅनिफेस्टेशनचा, माग काढत गेलं की आपण पोचतो अमेरिकेतल्या मेन राज्यात, 1830 च्या दशकात, एका घड्याळजीपाशी.

फिनीअस क्विंबी (1802-1866) त्याचं नाव. तेव्हा तिकडे मेस्मेरिझमचे, म्हणजे माणसाला संमोहनासारख्या तंद्रीत घालायचे, प्रयोग गावोगाव व्हायचे, ते बघून हाही नादाला लागला. ल्युशियस बर्कमार म्हणून एक तरुण पोरगा होता, त्याला तंद्रीत घालायचं आणि तो समोरच्याचा आजार ओळखून औषध सांगायचा, आणि लोकांना गुण पण यायचा. पण क्विंबीच्या लक्षात आलं की अगदी साधंसुधं काहीतरी दिलं तरी तेवढाच फरक पडतोय, म्हणजे औषधात काही नाही, पेशंटचा विश्वास काम करतोय. मग त्याने बर्कमारचा नाद सोडला आणि नुसतं पेशंटजवळ बसून बोलायला लागला. आज आपण ज्याला प्लासिबो म्हणतो, म्हणजे औषध नसतानाही नुसत्या विश्वासाने गुण येणं, त्याच्या किती जवळ गेला होता बघा हा माणूस, आणि तेही फक्त आजारपणाच्या बाबतीत, पैशाचा विषयच नव्हता.

मेरी बेकर एडी 1862 मध्ये त्याचीच पेशंट होती, तिने पुढे 1879 ला ख्रिश्चन सायन्सचं, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात असं मानणाऱ्या पंथाचं, चर्च काढलं, आणि क्विंबीच्या बाकीच्या माणसांच्या हातून 'न्यू थॉट' नावाची, विचारांनी आयुष्य बदलतं असं मानणारी चळवळ वाढली. पैसा त्यात हळूहळू शिरला. 1906 मध्ये विल्यम वॉकर ॲटकिन्सनने 'लॉ ऑफ अट्रॅक्शन' (जसा विचार तसंच आयुष्यात ओढलं जातं) हे शब्द थेट पुस्तकाच्या नावातच घातले. हा शिकागोत राहणारा, पेशाने वकील, आणि हाच योगी रामचारक या नावाने योगावर पण पुस्तकं लिहायचा! 1893 ला विवेकानंद त्याच शहरात बोलून गेले होते, तिकडे भारतीय अध्यात्माचं कुतूहल होतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळल्या आणि आपल्याला ते आपलंच वाटायला लागलं. नंतर हीच कल्पना पुस्तकांतून घरोघरी गेली: 1937 मध्ये मंदीच्या काळात नेपोलियन हिलचं 'थिंक अँड ग्रो रिच', 1952 ला नॉर्मन व्हिन्सेंट पीलचं 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग', 2006 ला 'द सिक्रेट'.

आपल्याकडे मनाचा विचार नव्हता असं अजिबात नाही. घरात अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते, हे प्रत्येकाने आजीकडून ऐकलंय. तुकोबांनी मन प्रसन्न करा म्हटलंय, पण लगेच पुढे मोक्ष आणि बंधनाची गोष्ट आहे, टू बीएचकेची नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कृपया तो पुसू नका.

मग याने आयुष्य घडतं का? गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1991 मध्ये वजन कमी करायच्या प्रोग्रॅममधल्या 25 बायकांचा अभ्यास छापला. आपल्याला जमेल असा भरवसा ज्यांना होता त्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झालेल्या स्वतःची गोड गोड चित्रं ज्या रंगवत होत्या त्यांचं साधारण 11 किलोने कमी उतरलं. म्हणजे भरवसा वेगळा आणि स्वप्नरंजन वेगळं, आणि 369 वाले नेमकं दुसरं विकतायत. पुढे याच बाईंनी इच्छेच्या जोडीला आपल्याच आतला अडथळा समोर मांडायची पद्धत बसवली, ती मला खूप कामाची वाटते.

माझ्या मावशीला कॅन्सर झाला तेव्हा एका कोचने तिला सांगितलं की तुमच्याच निगेटिव्ह विचारांनी हे ओढवून घेतलंय. केमो चालू असताना ती रोज स्वतःला दोष देत बसायची, अजून आठवलं तरी जीव तुटतो. क्विंबीच्या वेळी आजारामागे चुकीच्या समजुती असतात असं तो मानायचा खरं, पण त्या समजुती डोक्यात घातल्याबद्दल तो दोष द्यायचा डॉक्टरांना आणि धर्मगुरूंना.