दाराशी येणारी भुकेली मांजर ओली बाळंतीण असेल तर?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एखादी अनोळखी मांजर रोज येऊन ओरडू लागली की घरात बहुधा दोन मते पडतात. एकाला वाटते की तिला काहीतरी खायला घालावे. दुसऱ्याला वाटते की एकदा घातले की ती कायमचीच चिकटेल. दोघांचेही म्हणणे चुकीचे नाही, परंतु त्याआधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही मांजर फक्त स्वतःच्या पोटासाठी आली आहे, की जवळपासच्या एखाद्या आडोशाला तिची पिल्ले आहेत? तिला काय द्यावे, किती द्यावे आणि कुठे द्यावे, हे सारे त्या उत्तरावर ठरते.

केवळ ओरडण्यावरून भुकेची तीव्रता ठरवता येत नाही. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की पाळीव मांजरे खाणे मागताना जी गुरगुर करतात, तिच्यात लहान बाळाच्या रडण्याच्या पट्टीशी मिळताजुळता एक उंच स्वर मिसळलेला असतो आणि ऐकणाऱ्या माणसाला ती गुरगुर अधिक निकडीची वाटते. पोट भरलेले मांजरही हा आवाज उत्तम काढते. म्हणून आवाजापेक्षा शरीराकडे पाहावे. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे वरून स्पष्ट दिसत असतील, कुशी आत गेल्या असतील, तर उपासमार खरी आहे. अंगात जंत झाल्यासही भरपूर खाऊन मांजर वाळत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

पिल्लांना पाजणारी मांजर ओळखणे फारसे अवघड नाही. तिच्या पोटावर साधारणपणे सडांच्या चार जोड्या असतात. एरवी त्या केसांत लपून जातात, पण पाजत्या मांजरीचे सड फुगलेले व गुलाबी दिसतात आणि पिल्लांच्या चोखण्यामुळे त्यांच्याभोवतीचे केस विरळ किंवा चिकटलेले असतात. गाभण मांजरीचेही सड गुलाबी होतात, मात्र तिचे पोट दोन्ही बाजूंना गोल भरलेले असते, तर व्यायलेल्या मांजरीचे पोट सैल लोंबते. वागण्यातही खूण सापडते: अशी मांजर घाईघाईने खाते, अंग चाटत रेंगाळत नाही आणि दरवेळी एकाच दिशेने निघून जाते. एका कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असेल, तर तिची नसबंदी झालेली आहे असे समजावे. ती कोणाच्या घरची आहे का, अशी शंका असेल तर गळ्यात सैल कागदी पट्टा अडकवून त्यावर ‘ही मांजर तुमची आहे का?’ एवढे लिहावे. कागद कुठे अडकला तरी फाटतो, त्यामुळे गळफास बसत नाही.

आता तिच्या भुकेचे गणित पाहू. तीन किलो वजनाच्या सडपातळ मांजरीला एरवी दिवसाला सुमारे २०० कॅलरी पुरतात. तिला तीन-चार पिल्ले असतील, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे पिल्ले सर्वाधिक दूध पीत असताना, हीच गरज ५०० कॅलरींच्या आसपास जाते. तेवढी ऊर्जा उकडलेल्या कोंबडीतून मिळवायची तर रोज जवळपास ३०० ग्रॅम मांस लागेल. तेवढ्या वजनाच्या जनावराच्या मानाने हा आहार अवाढव्य आहे. बाहेरून तो मिळाला नाही, तर गाभणपणात साठवलेली चरबी आणि त्यामागोमाग स्वतःचे स्नायू झिजवून ती दूध तयार करते. कणा दिसू लागतो तो बहुतेकदा यामुळे.

आपल्याकडे मांजर म्हटले की हात आपसूक दुधाच्या पातेल्याकडे जातो. या सवयीला शास्त्राचा आधार नाही. दूध सोडल्यानंतर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी होत जाते, त्यामुळे गाईम्हशीच्या दुधाने त्यांना जुलाब लागू शकतात, आणि पाजत्या आईच्या शरीरातील पाणी कमी होणे तिला मुळीच परवडणारे नसते. शिवाय गाईच्या दुधातून ५०० कॅलरी मिळवायच्या तर तिला पाऊण लिटर दूध प्यावे लागेल. त्यात कुस्करलेल्या पोळीने पोट फुगते, प्रथिनांची उणीव मात्र भरून निघत नाही. मांजर ही पूर्णपणे मांसावर जगण्यासाठी घडलेली प्रजाती आहे: तिच्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारे विकर नसते, गाजर-भोपळ्यातील कॅरोटीनपासून तिला ‘अ’ जीवनसत्त्व बनवता येत नाही, आणि टॉरिन हे द्रव्य ती पुरेसे तयार करू शकत नाही. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल खराब होते, हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

मग नुसती उकडलेली कोंबडी चालेल का? दोन-चार दिवस जरूर चालेल, आणि ज्या पाण्यात ती उकडली तेही द्यावे, कारण टॉरिन पाण्यात उतरते. परंतु हाडाविना मांसात कॅल्शियम अत्यल्प असते आणि दुधावाटे तर ते सतत बाहेर जात असते. रक्तातील कॅल्शियम फार उतरल्यास मांजरीला कंप सुटतो, पाय ताठरतात आणि झटके येतात. ही वेळ थेट पशुवैद्यकाकडे नेण्याची आहे. म्हणूनच माझ्या मते, शक्य असेल त्यांनी पाजत्या मांजरीला मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेले तयार खाद्य द्यावे. ते पिल्लांसाठी असले तरी त्यातील दाट ऊर्जा, प्रथिने आणि कॅल्शियम आईलाही तितकेच उपयोगी पडते, आणि कोरडे खाद्य १२५ ग्रॅमच्या आसपास पुरते. फार वाळलेल्या मांजरीसमोर पहिल्याच दिवशी ताट भरून ठेवू नये. थोडे थोडे करून चार-पाच वेळा द्यावे आणि शेजारी पाण्याचे भांडे कायम असावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडे आणि खारवलेले सुके मासेही टाळावेत. ती आजारी वाटली म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. मांजराचे यकृत ते औषध निष्प्रभ करू शकत नाही आणि एक गोळीही जीव घेऊ शकते.

पिल्ले सापडली की ती उचलून घरी आणण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा हीच सर्वांत मोठी चूक ठरते. जन्मतः सुमारे १०० ग्रॅम वजनाची, डोळे मिटलेली ही पिल्ले पहिले काही आठवडे स्वतःचे तापमानही नीट राखू शकत नाहीत, आणि आई ऊब, दूध व रोगप्रतिकारक द्रव्ये एकाच वेळी पुरवते. अन्नाच्या शोधात ती काही तास दूर राहणे स्वाभाविक आहे. पिल्ले गोल, उबदार आणि शांत झोपलेली असतील, तर दुरून लक्ष ठेवणे पुरे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडून द्यावा, पण जागेचा बोभाटा झाला, माणसांची वर्दळ वाढली किंवा बोक्याचा वावर दिसला की ती पिल्ले हलवते, हे खरे आहे. मात्र पिल्ले गार पडली असतील, अखंड ओरडत असतील, मुंग्या लागल्या असतील किंवा पावसाचे पाणी शिरत असेल, तर वाट पाहू नये. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध नंतर. थंड शरीरात दूध पचत नाही आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

खाण्याची जागा पिल्लांपासून थोडी दूर निवडावी, म्हणजे अन्नाच्या वासाने कुत्री आणि बोके थेट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जिन्यात किंवा मुले खेळतात तिथे भांडे ठेवू नये, आणि उरलेले अन्न लगेच उचलावे. शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार परिसरातील प्राण्यांच्या खाण्याची सोय करण्यात निवासी संघटनेचीही जबाबदारी आहे, हे सोसायटीच्या बैठकीत सांगायला हरकत नाही. पाजती मांजर हात लावू देईलच असे नाही. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जावे.

पिल्ले चौथ्या आठवड्यापासून आईच्या ताटलीत तोंड घालू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध सोडतात. माणसांची सवय लावायची तर साधारण दुसरा ते सातवा आठवडा हा काळ सर्वांत अनुकूल असतो. मात्र आईच्या नसबंदीची तयारी त्याआधीच करावी, कारण पाजत असतानाही मांजर पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते आणि त्यानंतर जेमतेम नऊ आठवड्यांत दुसरी वीण होते. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. युरोपातील हिवाळ्यात तो थांबतो, पण मुंबईतील सर्वांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा असल्याने इथल्या मांजरींना तशी स्पष्ट विश्रांती मिळत नाही. पिल्लांनी दूध सोडल्यावर ही शस्त्रक्रिया करणे सर्वांत सोयीचे असते. परंतु मांजर पुन्हा हाती लागेल याची खात्री नसेल, तर पशुवैद्यक ती आधीही करू शकतात, कारण दूध अंडाशयावर अवलंबून नसल्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही ती पिल्लांना पाजू शकते. अशा वेळी तिला शुद्धीवर येताच शक्य तितक्या लवकर पिल्लांच्या जागेजवळ सोडावे.