ट्युमरचा रक्तपुरवठा तोडणारी ट्रीटमेंट

कॅन्सरची गाठ १-२ मिलिमीटरची होईपर्यंत आजूबाजूनं झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर कसंबसं भागवते, त्यापुढं वाढायचं तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या ती आपल्याच शरीराकडून करून घेते. कोल्हापूरकरांना सांगायचं तर गाठ स्वतःसाठी काळम्मावाडी धरणासारखी थेट पाण्याची पाईपलाईन टाकते, फक्त तिचं काम आपलं रखडलं तसं वर्षानुवर्षं रखडत नाही. ती बंद पाडायची ट्रीटमेंट म्हणजे अँटी-अँजिओजेनिक थेरपी.

ही कल्पना बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली, तेव्हा बऱ्याच जणांनी ती मनावर घेतली नाही. १९८९ मध्ये शास्त्रज्ञ नेपोलिओन फेरारा यांच्या टीमनं व्हीईजीएफ हे प्रोटीन वेगळं काढलं. ऑक्सिजन कमी पडला की गाठीतल्या पेशी हेच सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीला फाटे फुटतात. त्याला पकडून ठेवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध सलाईनमधून देतात, अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी केमोसोबत त्याला मान्यता मिळाली. याच प्रकारच्या सोराफेनिबच्या गोळ्या किडनी, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये देतात. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय औषध कंपनीला या गोळीचं सक्तीचं लायसन्स (म्हणजे पेटंटवाल्या कंपनीला न विचारता ती बनवायची सरकारी परवानगी) मिळालं, देशातलं पहिलंच, आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरनं ८,८०० च्या आसपास आला.

आता व्हॉट्सॲपवर फिरतं तसं 'रक्त तोडलं की गाठ उपाशी मरते, केमोची गरजच नाही' हे काय खरं नाही. बहुतेक वेळा गाठ फक्त थांबते किंवा थोडी आकसते, मग दुसऱ्या प्रोटीनच्या जोरावर नव्या वाटा काढते. ब्रेस्ट कॅन्सरसाठी बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत २००८ मध्ये दिलेली मान्यता २०११ मध्ये काढून घेतली, कारण पेशंट जास्त जगतात असं दिसलंच नाही. उलट कॅन्सर संशोधक राकेश जैन यांचं म्हणणं असं की गाठीतल्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या, गळक्या असतात, औषधानं त्या काही काळ सुधारतात आणि केमो आतपर्यंत नीट पोचते, म्हणजे तोडायला गेलो आणि दुरुस्त करून बसलो, पण फायदा त्यातच.

बीपी वाढणं हा या औषधांचा नेहमीचा त्रास, त्यामुळं तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातल्या मिठाकडं जरा बघावं लागतं. लघवीतनं प्रोटीन जातं, क्वचित आतड्याला भोक पडतं किंवा रक्तस्राव होतो. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात, म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस बेव्हासिझुमॅब देत नाहीत, आणि दाढ काढायची असली तरी डेंटिस्टला हे औषध चालू असल्याचं आधी सांगायचं.