मनमाडच्या विहिरी आणि रोमची पत्रं

उपवासकाळात आमच्या नाशिकरोडच्या चर्चमधून घरोघरी पुठ्ठ्याचा एक डबा देतात. चहा-वडापावचे वाचवलेले पैसे त्यात टाकायचे आणि ईस्टरच्या आधी डबा परत करायचा. यंदा वर्गात 'सामाजिक न्याय' या विषयावर टिपण मागितलं, तेव्हा डबा टेबलावरच होता. मी टाकलेले वीस रुपये म्हणजे माझी दया, की कुणाचं तरी थकलेलं देणं? प्रश्न मला नवा वाटला होता. पण खुद्द चर्चमध्ये तो सव्वाशेहून अधिक वर्षं घोळतोय.

पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे पत्र काढलं. युरोपातल्या कारखान्यांतली पिळवणूक आणि वाढता समाजवाद अशी दोन्हींची धास्ती त्यामागे होती. काटकसरीनं राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, मालक-मजुरांनी आपसात काहीही ठरवलेलं असो, आणि कामगारांना संघटना करायचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंत्राटी कामगाराला हे आज वाचून दाखवलं तर तो हसेल. पण गरजेपुरतं ठेवून उरलेलं गरिबाला देणं हे, अगदी टोकाची वेळ सोडली तर, न्यायाचं नव्हे, दयेचं कर्तव्य आहे, असंही तेच पत्र सांगतं. म्हणजे १८९१ च्या हिशेबानं माझे वीस रुपये दयेच्याच खात्यात.

चाळीस वर्षांनी, १५ मे १९३१ रोजी, पोप अकरावे पायस यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो'त 'सामाजिक न्याय' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. संपत्ती मूठभरांकडे साचते आणि राबणाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्या दिवसांत इकडे पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी तो सुरू केला होता. रोमच्या पत्रात वर्ग आहे, मजुरी आहे, मालमत्ता आहे; जात नाही. आणि आमच्या भागातली बरीच जुनी कॅथलिक घरं दलित समाजातलीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. चर्च त्याविरुद्ध बोलतं, पण स्वतःच्या घरातही जातिभेद आहे ही लेखी कबुली भारतातल्या बिशपांनी दिली ती डिसेंबर २०१६ मध्ये. फार उशीर झाला, असंच मला वाटतं.

खरं वळण १९६७ चं. पोप सहावे पॉल यांनी 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ'त चौथ्या शतकातल्या संत अँब्रोज यांचा आधार घेतला: गरिबाला देतोस ते तुझं नसतंच, त्याचंच त्याला परत करतोस. दयेचं खातं बंद करून रक्कम थकलेल्या देण्याच्या खात्यात वळवल्यासारखंच हे.

आणि लगेच पुढच्या वर्षी मनमाड पेटलं.

फादर व्हिन्सेंट फेरर हे स्पेनमधल्या बार्सिलोनाचे, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातले. १९५२ साली भारतात आले आणि मनमाड परिसरात काम करू लागले. मनमाडच्या पाण्याबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. फादरांची रीत साधी होती. शेतकऱ्यानं आपल्या रानात विहीर खणायची, आणि ती खणून होईपर्यंत घरात चूल पेटावी म्हणून गहू नि तेल त्यांनी पुरवायचं. विहिरी झाल्या, तशी कुरकुरही वाढली. धर्मांतराचा आरोप झाला. गावात वजन असलेल्यांनाही आपल्या हातचा शेतकरी निसटताना दिसत होता. गव्हामागून बायबल येतं का, हा सवाल मी उडवून लावणार नाही. परदेशी पैसा आणि धर्म एकाच गाडीतून आले की लोक विचारणारच. पण १९६८ मध्ये त्यांना देश सोडायचा हुकूम निघाला तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून पायी मुंबईला निघाले, आणि त्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. इंदिरा गांधींनी मध्ये पडून त्यांना परत येऊ दिलं, महाराष्ट्रात मात्र नाही. १९६९ मध्ये ते आंध्रातल्या अनंतपूरला गेले, पुढच्या वर्षी त्यांनी जेझुइट संघही सोडला, आणि २००९ साली वारले ते तिथेच.

मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून लाल टोप्यांचा मोर्चा मुंबईकडे निघाला. आदिवासी शेतकरी वनजमिनीचे पट्टे मागत होते. टीव्हीवर ते बघताना आजीला मनमाडचा मोर्चा आठवला. तिचं माहेर तिकडचं. मी म्हटलं, "फादरनी फुकट गहू दिला म्हणून तुम्ही चाललात ना?"

ती चिडली. "फुकट कसला? विहीर आम्ही खणली. माती मी वाहिली डोक्यावर."