आधी मित्र, मग विचार

जून २०२४ मध्ये अमेरिकेने ‘नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट’ या मूळच्या स्वीडिश नवनाझी संघटनेला दहशतवादी ठरवलं. अशी बातमी वाचली की वाटतं, कुणीतरी विखारी भाषण ऐकलं, डोकं फिरलं आणि तो तिकडे गेला. नॉर्वेचे संशोधक टोरे ब्योर्गो यांनी अशा तरुणांचा जवळून अभ्यास केला, तेव्हा बऱ्याचदा उलटं दिसलं. पोरं मैत्रीसाठी, थरारासाठी, कुणाचा मार चुकवायला टोळक्यात शिरतात. वर्णद्वेष तिथे गेल्यावर अंगात भिनतो.

(असे गट ज्याचा अभिमान मिरवतात तो ‘शुद्ध नॉर्डिक’, म्हणजे उत्तर युरोपीय, वंश ही निव्वळ भाकडकथा आहे. १९२२ मध्ये उप्सालात सरकारी संस्था काढून स्वीडनने वंश ठरवायला माणसांची डोकी मोजली. प्राचीन डीएनए मात्र शिकारी, अनातोलियाकडून आलेले शेतकरी आणि गवताळ प्रदेशातले पशुपालक अशी सरमिसळ दाखवतो.)

टोळक्यात विचार भिनतो कसा, याचं गणित फार सुंदर आहे. माणूस म्हणजे बिंदू, ओळख म्हणजे रेघ. अफवा पसरायला एक रेघ पुरते. पण ज्यात धोका आहे, बदनामी आहे, ते माणूस एकाच्या सांगण्यावरून करत नाही. दोघातिघांना करताना पाहावं लागतं. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी यांनी २००७ मध्ये याला ‘गुंतागुंतीचा संसर्ग’ म्हटलं.

समजा, एका मुलाचे चार मित्र: शाळेतला, फुटबॉलचा, शेजारचा आणि टोळक्यातला. चौघांच्या आपसात सहा जोड्या होऊ शकतात, पण कुणीच कुणाला ओळखत नाही. शक्य जोड्यांपैकी किती जुळल्या, याचं प्रमाण म्हणजे ‘समूहन गुणांक’; इथे तो शून्य. टोळक्यातला काही बरळला, तर बाकीचे तिघे त्याला खोडून काढतात. मग मारामारीत मुलाचं नाव येतं, जुने मित्र तुटतात, आता चारही मित्र टोळक्यातलेच. सहाच्या सहा जोड्या जुळल्या, गुणांक एक. तीच घोषणा चार तोंडांतून येते. मुलाला वाटतं चार साक्षीदार आहेत. प्रत्यक्षात ते एकमेकांचंच ऐकून बोलत असतात.

फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट’वरची बंदी कायम केली, ते योग्यच झालं. पण बंदीने नाव पुसतं, रेघा उरतात. म्हणून मला अशा टोळक्यांतून बाहेर पडायला मदत करणारं ‘एक्झिट’ हे काम महत्त्वाचं वाटतं. १९९७ मध्ये नॉर्वेत आणि पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये ते सुरू झालं. नॉर्वेत अशा मुलांच्या आईवडिलांचे गट बांधले गेले. स्वीडनमध्ये पूर्वी स्वतः त्या चळवळीत असलेली माणसं बाहेर पडणाऱ्याला साथ देतात, नवी ओळखपाळख जोडून देतात. टोळक्याशी संबंध नसलेला एक पाचवा माणूस आला, की दहा जोड्यांपैकी सहाच जुळलेल्या राहतात. गुणांक एकावरून ०.६ वर येतो, आणि त्या घोषणेला पहिल्यांदा कुणीतरी ‘नाही’ म्हणतं.